शिल्लक

आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर ज्यांचं येणं-जाणं आहे, त्यांनी आमच्या रूममधली ती भिंत नक्की पाहिली असेल. कॅलेंडर आणि खुंटीवरचे टॉवेल बाजूला सारून आम्ही तिथे एक चार्टपेपर चिकटवला होता. त्यावर तीन रकाने : ‘करायचंय’, ‘चाललंय’ आणि ‘झालं’. प्रत्येक कामाची एक पिवळी चिठ्ठी. काम पुढे सरकलं की चिठ्ठी उजवीकडे सरकायची. डिसेंबर संपता संपता ‘झालं’च्या रकान्यात चौतीस चिठ्ठ्या जमल्या होत्या. मेसच्या जेवणाला नावं ठेवून झाली की आम्ही त्या भिंतीकडे बघून समाधानाने झोपायचो.

त्या चौतीसमधली एक चिठ्ठी होती, ‘शिल्लक रक्कम दाखवणे – १ पॉइंट’. एक पॉइंट म्हणजे अगदी किरकोळ काम. माझ्या रूममेटने चहा संपायच्या आत ते केलं होतं. हा लेख त्या एका चिठ्ठीबद्दल आहे.

आधी प्रोजेक्टबद्दल सांगतो. मी तिसगावचा. तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं, पण आमच्याकडे तोंडात अजून ‘नगर’च येतं. कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावरून करंजी घाट उतरून पाथर्डीकडे निघालात की वाटेत आमचं गाव लागतं. कानिफनाथांच्या मढीला जाणारे बरेच जण इथूनच जातात. रस्त्यालगत आमचं किराणा दुकान आहे. दिवाळी झाली की आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीला जाणारी माणसं दुकानात येतात. तेल, मीठ, तिखट, काड्यापेटी, साबण अशी दोन-चार महिन्यांची भरती करतात. मग एके दिवशी भांडी, गाद्या, शेळ्या, पोरं असं सगळं घेऊन भरलेल्या गाड्या रस्त्याने जातात. हे मी लहानपणापासून पाहत आलो.

ऊसतोडीचा हिशोब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. हंगामाच्या आधी मुकादम त्यांना आगाऊ रक्कम देतो, ती ‘उचल’. मग पूर्ण हंगामभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडीत भरायच्या आणि कारखान्याच्या काट्यावर वजन करून घ्यायचं. तिथे मिळते ती पावती. टनाला ठरलेल्या दराने मजुरी होते, आणि त्यातून उचल ‘फिटते’. हंगामाच्या शेवटी हिशोब होतो. फिटली तर वरचे पैसे हातात. नाही फिटली तर उरलेलं पुढच्या वर्षाच्या डोक्यावर! वही बहुतेक वेळा मुकादमाकडे असते. कोयत्याकडे असतात पावत्या आणि आठवण.

म्हणून ठरवलं, की आपण यांच्यासाठी मोबाईल अॅप करायचं. खेपा नोंदवा, टन नोंदवा, उचल किती फिटली ते पाहा. गाइड सरांना विषय आवडला. ‘सोशल रेलेव्हन्स आहे,’ असं सर म्हणाले आणि आम्ही चौघे (मी, माझा रूममेट आणि लेडीज हॉस्टेलमधल्या दोघी) कामाला लागलो.

पद्धत कुठली, तर अर्थातच अजाईल! थर्ड इयरला सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगच्या पेपरात ‘धबधबा विरुद्ध अजाईल’ हा प्रश्न आठ मार्कांना सगळ्यांनीच लिहिला आहे. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, रोज स्टँड-अप, शेवटी डेमो. स्टँड-अप कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर व्हायचा आणि पंधरा मिनिटांचा पाऊण तास व्हायचा, हा भाग वेगळा. पण कामं मात्र वेळेवर होत होती. पहिल्या स्प्रिंटला आम्ही अठरा पॉइंट केले, सहाव्याला तीस. बर्न-डाउन चार्टची रेघ अशी सरळ खाली उतरायची, की सरांनी तो दुसऱ्या एका ग्रुपला दाखवायला नेला.

आता अजाईलमध्ये एक माणूस लागतो, प्रॉडक्ट ओनर. काय करायचं, आधी कुठलं, नंतर कुठलं, हे तो वापरणाऱ्यांच्या वतीने ठरवतो. तो कोण, यावर आमच्यात एक मिनिटसुद्धा चर्चा झाली नाही. ‘तू तिसगावचा ना? मग तूच!’ मलाही ते पटलं. लहानपणापासून बघतोय, मला नाही कळणार तर कुणाला? ‘काट्यावर पावती मिळते का?’, ‘मुकादमाचं कमिशन दाखवायचं का?’, ‘रोजचं किती टन होतं?’ अशा प्रत्येक प्रश्नाला मी बसल्या जागी उत्तर देत होतो. एकदाही ‘विचारून सांगतो’ असं म्हणालो नाही. आज लिहिताना हे वाक्य मला फार टोचतं.

जानेवारीत परीक्षा संपल्यावर ठरवलं, की अॅप आता ‘फील्ड’वर दाखवून आणू. रिपोर्टमध्ये दोन फोटो टाकता येतील, खरं सांगायचं तर एवढाच हेतू होता. आमच्या दुकानात दर दिवाळीला येणारं एका वस्तीवरचं कुटुंब सांगली जिल्ह्यात फडावर होतं. त्यांचा पत्ता वडिलांकडून घेतला आणि मी आणि रूममेट एस.टी.ने निघालो. पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता. शेतात पाचटाच्या कोप्यांची रांग, प्रत्येक कोपीसमोर चूल. काकूंनी मला लगेच ओळखलं. ‘अरं, दुकानदाराचं पोर! हितं कसा काय तू?’ म्हणाल्या आणि आधी भाकरी टाकायला बसल्या. पहाटे तीन-चारला उठून दिवसभर ऊस तोडलेला माणूस, आणि आम्ही दोघं आयते पाहुणे. लाजच वाटली.

काका नव्हते. गाडी घेऊन काट्यावर गेले होते. रांग मोठी असली की रात्री उशीर होतो. आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोन त्यांच्याच खिशात होता! आमच्या डिझाइनमध्ये युजर कोण होता माहीत आहे? ‘वय ३०, पुरुष, स्वतःचा फोन, रोज संध्याकाळी नोंद करतो.’ हे वर्णन मीच लिहिलं होतं. संध्याकाळी तो माणूस काट्याच्या रांगेत, फोन त्याच्याजवळ, आणि हिशोबाची खरी काळजी जिला, ती इथे चुलीपाशी.

जेवण झाल्यावर काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या पावत्या काढल्या. रूममेटने स्वतःच्या फोनवर त्या एकेक करून भरल्या. उचल ८०,००० रुपये. टन, दर सगळं टाकलं. फोनच्या उजेडात तिघं वाकून बघत होतो : काकू, मी, आणि काकूंची सहावीतली मुलगी. (तिचं नाव गावच्या शाळेच्या पटावर आहे. ती मात्र फडावर होती.) शेवटचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर मोठ्या, सुंदर, हिरव्या आकड्यात आलं :

शिल्लक ४२,०००

मुलीने मोठ्याने वाचलं, ‘आई, शिल्लक बेचाळीस हजार!’

काकूंचा चेहरा असा उजळला, की तो मी विसरू शकत नाही. ‘खरंच?’ त्या म्हणाल्या, ‘एवढं ऱ्हायलंय आपलं?’

मला कळेना काय बोलावं. कारण ते ‘आपलं’ नव्हतं. ऐंशीतले अडतीस हजार फिटले होते, बेचाळीस फिटायचे होते. आम्ही कर्ज दाखवत होतो, आणि त्यांना वाटलं ती बचत आहे. पोस्टात, सोसायटीत, बचत गटात सगळीकडे ‘शिल्लक’ म्हणजे आपल्या खात्यात उरलेले पैसे. त्यात आकडा हिरवा. कुणाला वेगळं वाटेल?

मी सांगितलं. ‘काकू, म्हणजे... अजून फेडायचेत तेवढे.’

त्या दोन क्षण गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘व्हय, तेच म्हटलं. एवढ्यात कुठं फिटतंय.’ आणि पावत्या पुन्हा पिशवीत घालू लागल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतीच्या एस.टी.त आम्ही दोघं फार बोललो नाही. बऱ्याच वेळाने रूममेट म्हणाला, ‘यार, टेस्ट केस पास होती.’ खरंच होती. ऐंशीतून अडतीस वजा केले तर बेचाळीसच येतात. कोडमध्ये काहीच चूक नव्हती. सहा डेमोंमध्ये सरांनी, मी, बाकीच्या तिघांनी तो स्क्रीन किती वेळा पाहिला असेल! कुणालाच खटकलं नाही, कारण आमच्यापैकी कुणाच्या डोक्यावर उचल नव्हती.

कॉलेजवर आल्यावर पहिल्यांदा मी लायब्ररीत परीक्षेसाठी नाही तर उत्तरासाठी बसलो. तेव्हा कळलं, की आमची चूक काही नवीन नाही. मोठमोठ्यांनी ती आधी करून ठेवली आहे!

अजाईलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ चा. अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड या ठिकाणी सतरा जणांनी मिळून तो लिहिला. चालणारं सॉफ्टवेअर कागदपत्रांपेक्षा महत्त्वाचं, ग्राहकासोबत मिळून काम करणं करारावर घासाघीस करण्यापेक्षा महत्त्वाचं, वगैरे आपण पाठ केलं आहे. पण त्यात शब्द आहे ‘ग्राहक’. ग्राहक म्हणजे काम सांगणारा, डेमो बघणारा. वापरणारा तोच असेल असं नाही. आमचे ग्राहक होते गाइड सर. वापरणाऱ्या होत्या काकू. सर खूश होते, म्हणजे जाहीरनाम्याप्रमाणे आम्ही बरोबरच होतो!

वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवून डिझाइन करायचा विचार त्याहून जुना आहे. आय.बी.एम.मधल्या जॉन गूल्ड आणि क्लेटन लुइस यांनी १९८५ मध्ये तीन साध्या गोष्टी सांगितल्या. सुरुवातीपासून वापरणारा आणि त्याचं काम यांच्याकडे लक्ष द्या. तो प्रत्यक्ष वापरताना काय होतं ते मोजा. आणि सापडलेल्या चुका दुरुस्त करून पुन्हा तेच करा. १९८६ मध्ये डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांच्या संपादनाखाली याच विषयावर पुस्तक आलं. १९९९ मध्ये तर त्याचं आंतरराष्ट्रीय मानकही झालं. म्हणजे दोन्ही गोष्टी होत्या, पण दोन वेगवेगळ्या घरांत. एक घर कोड लिहिणाऱ्यांचं, दुसरं डिझाइनवाल्यांचं.

ही दोन घरं भांडलीसुद्धा. २००२ मध्ये एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगचे केंट बेक आणि इंटरॅक्शन डिझाइनचे अॅलन कूपर यांची समोरासमोर चर्चा छापून आली होती. कूपर यांचं म्हणणं साधारण असं, की कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी वापरणाऱ्याचा नीट अभ्यास करून वागणूक ठरवा, कारण कोड झाल्यावर बदलणं महाग पडतं. बेक यांचं म्हणणं, की सगळं आधीच ठरवत बसलात तर तो पुन्हा धबधबाच झाला. गंमत म्हणजे दोघांचंही मला पटलं. आम्ही महिनाभर नुसता अभ्यास करत बसलो असतो तर पहिली सेमिस्टर संपली असती आणि हातात काही नसतं. आणि अभ्यास न करता धावलो तर बेचाळीस हजारांवर जाऊन आपटलो.

वाट दाखवली ती टोरांटोच्या एलियास या कंपनीतल्या लिन मिलर आणि डेझिरे सी यांनी. मिलर यांचा लेख २००५ चा, सी यांचा २००७ चा. युक्ती इतकी साधी आहे, की वाचल्यावर स्वतःचाच राग येतो. दोन रुळ शेजारी शेजारी टाकायचे. एका रुळावर कोड, दुसऱ्यावर डिझाइन. डिझाइनचा रुळ नेहमी एक पाऊल पुढे. या स्प्रिंटमध्ये कोडवाले जे लिहितायत, त्याचं डिझाइन मागच्या स्प्रिंटमध्ये लोकांसमोर ठेवून झालेलं असतं. त्याच वेळी डिझाइनवाले पुढच्या स्प्रिंटचं डिझाइन करतात, त्याच्याही पुढच्यासाठी लोकांकडून माहिती गोळा करतात, आणि मागच्या स्प्रिंटमध्ये लिहिलेलं तपासून घेतात. कुणी थांबायचं नाही, पण कुणी आंधळेपणाने धावायचंही नाही.

हे सगळं परदेशातलंच आहे असं नाही. आपल्या मुंबईत आय.आय.टी.च्या आय.डी.सी.मधले प्रा. अनिरुद्ध जोशी यांनी याच प्रश्नावर बरंच काम केलं आहे. सॉफ्टवेअर तयार करण्याच्या प्रक्रियेत वापरणाऱ्याचा विचार खरोखर किती मिसळला गेला, हे मोजायची एक पट्टी, आणि ठरवलेली वापरसुलभतेची उद्दिष्टं किती गाठली गेली, ते मोजायची दुसरी पट्टी. प्रा. एन. एल. सारडा आणि संजय त्रिपाठी यांच्यासोबतचा त्यांचा हा लेख २०१० चा आहे. नुसतं ‘आम्ही युजरचा विचार करतो’ असं म्हणून भागत नाही, ते मोजायला हवं, हा त्यातला मुद्दा मला भावला. आपल्यापैकी अनेकांनी मराठी टाइप करायला वापरलेला ‘स्वरचक्र’ कीबोर्ड (२०१३) याच आय.डी.सी.तला. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं. शाळेत आपण अक्षरं ज्या क्रमाने शिकलो, तोच क्रम तिथे आहे. इंग्रजी की-बोर्डवर मराठी कोंबलेलं नाही.

आणि अगदी आमच्या शेताच्या बांधावरचं उदाहरण म्हणजे ‘ई-पीक पाहणी’. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून पिकाची नोंद करू लागले. २०२२ च्या खरिपात जी दुसरी आवृत्ती आली, तिच्यात शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांच्या आत स्वतः दुरुस्त करायची सोय दिली गेली. मला यात मोठी शिकवण दिसली. माणसाला चूक बटण दाबताना कळत नाही. ती कळते घरी आल्यावर, कुणाशी तरी बोलल्यावर. आमच्या अॅपमध्ये एकदा ‘सेव्ह’ केलं की विषय संपला होता.

फेब्रुवारीत आम्ही भिंतीवरचा चार्टपेपर बदलला. एक रकाना वाढवला. ‘चाललंय’ आणि ‘झालं’ यांच्या मध्ये ‘वापरून पाहिलं’. आपल्या चौघांबाहेरच्या, ऊसतोडीचा हिशोब ज्याने स्वतः केला आहे अशा किमान एका माणसाने वापरून पाहिल्याशिवाय चिठ्ठी ‘झालं’मध्ये जाणार नाही. त्या रात्री चौतीसपैकी एकतीस चिठ्ठ्या आम्ही परत मागे आणल्या. एका रात्रीत आमचं पाच महिन्यांचं यश भिंतीच्या डावीकडे सरकलं! लेडीज हॉस्टेलमधल्या एकीने व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो पाहून फक्त एवढंच लिहिलं, ‘आता खरं वाटतंय.’

दुसरी गोष्ट म्हणजे दर स्प्रिंटला चौघांपैकी एकाने कोड लिहायचा नाही. त्याचं काम पुढच्या स्प्रिंटसाठी माणसांशी बोलणं. पण आमची माणसं तर फडावर! सिनेमात दाखवतात तसा ‘युजर’ हॉस्टेलच्या दारात उभा नव्हता. मग उपाय काढला. यंदा तोडीला न गेलेल्या, पण आधी अनेक हंगाम केलेल्या बायका तिसगावच्या आसपास होत्या. वहीच्या पानांवर स्क्रीन काढून आम्ही झेरॉक्स केल्या आणि शनिवार-रविवारी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. कागद पुढे ठेवायचा, विचारायचं, ‘आता काय कराल?’ आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड! समोरची बाई चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते आणि आपल्याला सांगायचा मोह होतो, ‘मावशी, तिकडे नाही, इकडे!’ सांगितलं की शिकणं संपलं. पाच माणसांसोबत अशी छोटी चाचणी केली तरी बहुतेक मोठ्या अडचणी दिसतात, हे जेकब नीलसन यांचं म्हणणं वाचलं होतं. आमच्या बाबतीत तिसऱ्या ओट्यापर्यंतच वहीची दोन पानं भरली.

पहिलं पान शब्दांचं. ‘शिल्लक’ गेलं. ‘एकूण देय’ गेलं. एका मावशींनी विचारलं होतं, ‘हे देय म्हंजी आपण द्यायचं का त्यांनी?’ या प्रश्नाचं उत्तर खुद्द आमच्या टीममध्ये दोघांनी दोन दिलं! शेवटी त्यांच्याच तोंडचे शब्द घेतले. ‘उचल घेतली’, ‘फिटली’, ‘अजून फेडायची’. तिन्ही एकाखाली एक. फेडायच्या रकमेला हिरवा रंग नाही. आकड्यावर बोट ठेवलं की तो मराठीत बोलून दाखवतो.

दुसरं पान सवयींचं. काट्यावर उजेड असतो आणि फोन काकांच्या खिशात असतो. मग तिथे फक्त एकच काम, पावतीचा फोटो. आकडे नंतर कुणीही भरा. लॉग-इन आणि ओ.टी.पी. काढून टाकलं, कारण फडावर रेंजचा भरवसा नाही. नोंद कधीही दुरुस्त करता येईल, पण जुना आकडा खोडलेला दिसत राहील. आणि मजुरीचा दर आम्ही कोडमध्येच लिहून ठेवला होता, तो बाहेर काढला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली होती. तो दर कोडमध्ये कोरून ठेवणारे आम्ही, पुन्हा वाढ झाली असती तर काय करणार होतो?

आता याची किंमतही सांगायला हवी, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. आमचा वेग तीस पॉइंटवरून सतरावर आला. बर्न-डाउनची ती सुंदर रेघ जिन्यासारखी वाकडीतिकडी झाली. रूममेट आणि माझं एकदा कडाक्याचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, ‘तू ओट्यावर चहा पीत बसतोस आणि मी रात्रभर बग काढतो.’ त्याचं चूक नव्हतं. पुढच्या रविवारी त्याला ओट्यावर पाठवलं आणि मी बग काढत बसलो. संध्याकाळी तो परत आला आणि काही न बोलता स्वतःच लिहिलेला एक अख्खा स्क्रीन डिलीट केला. त्यानंतर ते भांडण पुन्हा झालं नाही. मला वाटतं, डिझाइन आणि कोड यांना एकत्र आणायचा याहून चांगला उपाय पुस्तकातही नसेल. ज्याने कोड लिहिला, त्यालाच वापरणाऱ्याच्या शेजारी नेऊन बसवायचं.

रिव्ह्यूच्या वेळी सरांनी विचारलंच, ‘पहिल्या सेमिस्टरला एवढी प्रगती, मग दुसऱ्यात मंदावलात का?’ मी बेचाळीस हजारांची गोष्ट सांगितली. सर थोडा वेळ चार्ट बघत राहिले आणि म्हणाले, ‘मीही सहा वेळा पाहिलं होतं रे ते.’ एवढंच. पुढच्या बॅचच्या प्रोजेक्ट डायरीत त्यांनी एक ओळ वाढवली आहे : ‘कुणी वापरून पाहिलं? कधी?’ ज्युनिअर मंडळींनो, ती ओळ कुठून आली ते आता तुम्हाला कळलं. शिव्या मला द्या.

एप्रिलमध्ये गाड्या परत आल्या. मी घरी गेलो होतो तेव्हा काकू दुकानात आल्या. हिशोब झाला होता. मी भीत भीत विचारलं, ‘काकू, अॅप वापरलं का?’

‘फोटू काढलं ना,’ त्या म्हणाल्या. ‘ह्यांनी काट्यावर काढायचं, पोरीनं मला दावायचं. हिशोबाला दोन खेपा वहीत नव्हत्या. फोटू दावलं, मग धरल्या त्यांनी.’

‘आणि बाकीचं? ते आकडे भरायचं, फिटली किती बघायचं?’

‘ते न्हाय बाबा. ते तुमचं तुम्ही बघा.’

सात महिने, चार इंजिनीअर, किती स्प्रिंट, आणि काकूंनी वापरलं ते एक बटण! गंमत अशी, की पहिल्या चौतीस चिठ्ठ्यांमध्ये ते बटण नव्हतंच. ते आलं दुसऱ्या पानावरून, गप्प बसून ऐकलेल्या ओट्यावरून. दोन खेपांचे पैसे म्हणजे काही लाखोंची उलाढाल नाही. पण ते पैसे त्यांचे होते, आणि त्यांना मिळाले.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ‘तुमचा युजर कोण?’ पहिल्या सेमिस्टरला मी ताबडतोब उत्तर दिलं असतं. या वेळी जीभ थोडी अडखळली. मग म्हणालो, ‘सर, मी तिसगावचा आहे, पण मी युजर नाही.’ त्यांना ते उत्तर कितपत कळलं देव जाणे. मार्क बरे पडले.

भिंतीवरचा चार्टपेपर आम्ही रूम सोडताना काढला नाही. पुढे जो कुणी त्या रूममध्ये येईल त्याने हवा तर फाडावा, टॉवेल अडकवायला खुंट्या मोकळ्या होतील. फक्त फाडायच्या आधी मधला रकाना एकदा वाचावा, एवढीच विनंती.

– अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी